चॅम्प ॲम्पचे कॅपॅसिटर बदलताना

सोलापुरात गिटारचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) हाती आला की मी आधी त्याचे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर बघतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, त्यात शेजारी व्हॉल्व्हची धग. हा अनुभव फेंडर चॅम्पच्या ५एफ१ सर्किटचा आहे: एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकरला ताकद देणारा) आणि रेक्टिफायर ५वाय३ (एसीचे डीसी करणारा).

पहिली खूण आवाजाची. व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही घुमघुम राहिली तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये. गिटारच्या सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो सूर मिळतो (९८ हर्ट्‌झ), त्याच्या जवळपास घुमघुम असेल तर ती १०० हर्ट्‌झची, म्हणजे फिल्टर कॅपॅसिटर (डीसी सपाट करणारे) सुकले. त्याखालच्या सप्तकातली, ५० हर्ट्‌झची असेल तर हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) किंवा अर्थिंग तपासा.

उघडण्याआधी प्लग काढा. मग १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कॅपॅसिटरवर काही सेकंद धरा आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करा. दुसरा हात खिशात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय मला अजिबात पसंत नाही. सुटे करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

मूळ फिल्टर १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे. आता व्होल्टेज नीट समजून घ्या. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (व्होल्टेज बाहेर देणारी गुंडाळी) मधल्या टॅपपासून ३२५ व्होल्ट असली तर शिखर साधारण ४६० व्होल्ट. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, ६व्ही६ ला करंट घ्यायला त्याहून वेळ लागतो; तेवढ्या वेळात कॅपॅसिटरवर जवळजवळ पूर्ण शिखर चढते. म्हणून मी ५०० व्होल्ट, १०५ अंशांचेच घेतो. ४०० व्होल्टचे रेडियल (दोन्ही तारा एकाच टोकाला) कुठेही मिळतात, पण ते इथे लावू नका. ॲक्सियल (दोन टोकांना एकेक तार) हवे तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. पहिला १६ चाच ठेवा. ५वाय३ च्या डेटाशीटमध्ये पहिल्या कॅपॅसिटरची मर्यादा २० मायक्रोफॅरड आहे. ४७ किंवा १०० लावला की चालू होताना रेक्टिफायरवर करंटचा झटका बसतो. पुढचे दोन ८ ऐवजी १० चे चालतात.

६व्ही६ च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचाही बदला. तिथे १९-२० व्होल्ट असतात, पुरवठ्याचे व्होल्टेज वाढले की २५ ची मर्यादा जवळ येते. ५० व्होल्टचा घाला आणि कॅथोड रेझिस्टरपासून जरा लांब ठेवा.

कपलिंग कॅपॅसिटर (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारे) सरसकट उपटू नका, आवाजाचा पोत त्यातही असतो. ६व्ही६ काढून, ॲम्प चालू ठेवून त्या सॉकेटच्या ग्रिडवर (सिग्नल येतो त्या पिनवर) डीसी मोजा. शून्याच्या आसपास असेल तर कपलिंग कॅपॅसिटर ठीक. अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर तो गळतोय. तसाच ठेवला तर ६व्ही६ ची प्लेट लाल होते. त्या जागी ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलीप्रॉपिलीन बसवा.

सोल्डरिंगला ५०-६० वॅटचे आयर्न वापरा. २५ वॅटच्या आयर्नने या जाड आयलेटवर (बोर्डावरच्या धातूच्या कड्यांवर) ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा होतो आणि तो नंतर खरखर करतो. ध्रुवता दोनदा पाहा, पट्टी किंवा बाण निगेटिव्हकडे. दोन पिनांची वायर असेल तर तीन पिनांची अर्थसह करा आणि मेनमधून चॅसीला जोडलेला जुना कॅपॅसिटर असल्यास काढून टाका.

पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच चालू करा: २३० व्होल्टच्या बाजूला, स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरच्या आधी ६० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब. उजळून मंद झाला तर पुढे जा. भक्क पेटत राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब काढून जोडल्यावर मीटर एसीवर ठेवून पहिल्या फिल्टरवर मोजा. तिथे पाच-सात व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) दिसला तर घाबरू नका, १६ मायक्रोफॅरडला तो असतोच. दुसऱ्या फिल्टरवर मात्र तो व्होल्टच्या अंशावर यायला हवा. आला नाही तर तिथला कॅपॅसिटर आणि त्याचा ग्राउंड जॉइंट पुन्हा तपासा.