रविवारची मोकळी संध्याकाळ

मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या आमच्या होमस्कूलिंग गटात ११ कुटुंबं. फी, वेळापत्रक, कोणत्या पालकाची शिकवायची पाळी, सगळं वर्षभर माझ्याच डोक्यात! महिन्यापूर्वी एक व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे ऑनलाइन काम करणारी मदतनीस ठेवली, आठवड्याला ४ तास. आज तिची शीट उघडली तर विज्ञानाच्या तासाला दोन पालकांची पाळी एकदमच लागलेली. तिने ती ओळ पिवळी करून दोघांनाही आधीच विचारून ठेवलं होतं. खरंच भरून आलं. मुलांच्या ॲलर्जीची, औषधांची यादी मात्र तिला दिलेली नाही. ती पालकांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवलीय, माझ्याकडेच राहील.

संध्याकाळी फोन आत ठेवला आणि लेकीबरोबर भिंगातून मुंग्यांची रांग बघत बसले. चांगला तासभर.