टाके काढल्यानंतर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि एक तास आठवला. नववीला गळ्यातल्या अवटू (थायरॉईड) ग्रंथीचा भाग जीवशास्त्राच्या बाईंनी झटपट उरकला. गलगंड, आयोडीन, थायरॉक्झिन, झालं. उरलेला तास त्यांनी थिओडोर कोखर या सर्जनला दिला, ज्याच्यावर परीक्षेत अर्ध्या गुणाचाही प्रश्न येणार नव्हता. मी पुढे सर्जन झालो, तोही गळ्याचा, आणि त्या तासाची थोरवी मला फार उशिरा कळली.

कोखर स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे. जन्म १८४१चा, १८७२पासून तिथल्याच विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक. आल्प्सच्या खोऱ्यांत माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रोगी उदंड. काहींची गाठ एवढी वाढायची की श्वासनलिका दबून जीव गुदमरायचा. पण ऑपरेशन करावं तर ही ग्रंथी रक्ताने नुसती भरलेली. बिलरोथ यांच्यासारख्या मातब्बर सर्जनचे झुरिकमधले सुरुवातीचे सुमारे ४० टक्के रोगी दगावले, तेव्हा त्यांनी काही वर्षं हे ऑपरेशनच बंद ठेवलं. कोखर यांनी ब्रिटिश सर्जन लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत उचलली आणि घाई सोडून दिली. एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरायची, बांधायची, मगच कापायची. आवाजाची नस जपायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्याकडचं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं होतं.

थोर माणसांच्या गोष्टी साधारण इथेच संपतात. बाईंची इथे सुरू झाली.

१८७४मध्ये कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन उत्तम झालं, जखम भरली, मुलगी घरी गेली. पुढे कळलं की तिची वाढ खुंटली आहे, चेहरा सुजलाय, बुद्धी मंदावली आहे. १८८२मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दिन यांनीही आपल्या रोग्यांत असंच काही दिसतंय म्हटल्यावर कोखर यांनी आपले जुने रोगी परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ३४ जणांपैकी १८ तपासायला मिळाले. त्यांतल्या १६ जणांची तीच अवस्था. १८८३मध्ये बर्लिनच्या सर्जन परिषदेत ते उभे राहिले आणि हे आकडे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. कारणाचा अंदाज मात्र त्यांचा चुकला. श्वासनलिका अरुंद झाल्याने असं होत असावं, असं त्यांना वाटलं. पण गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणं त्यांनी थांबवलं. ही ग्रंथी शरीराला कशासाठी लागते हे जगाला कळण्यात त्या १६ रोग्यांचा वाटा मोठा आहे. १८९१मध्ये इंग्लंडात डॉक्टर मरी यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून अशाच लक्षणांची एक रोगी सुधारून दाखवली. कोखर यांना १९०९चं नोबेल मिळालं. सर्जनला मिळालेलं ते पहिलं.

यातली मेख अमेरिकन सर्जन हाल्स्टेड यांनी ओळखली. बिलरोथ यांचा हात वेगवान. त्यांच्या रोग्यांना झटके येत, कारण रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, मागच्या इवल्याशा परावटू ग्रंथीही जात, पण अवटूचा थोडा अंश राहून जाई. कोखर यांचा हात नेटका. ते परावटू वाचवत आणि अवटू मात्र कणभरही मागे ठेवत नसत. म्हणजे सफाईनेच घात केला. गळ्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी एकट्याने बसून पचवावं.

आमच्या रेसिडेंट मुलांना कोखर यांचा दाते असलेला चिमटा माहीत असतो, गळ्याच्या घडीत लपणारा आडवा छेद माहीत असतो. त्यांना विचारावं, थायरॉईडची किती ऑपरेशनं पाहिलीस? आकडा तयार असतो. त्यांतले किती आज थायरॉक्झिनची गोळी नियमित घेतात, कुणाचा आवाज बसला, हे विचारलं की सगळे फाइल शोधायला लागतात. (खरं सांगायचं तर आमच्या पिढीतल्यांकडे फाइलसुद्धा नसायची.)

बाईंचा खाक्याही कोखर यांच्यासारखाच. घटक चाचणीत पैकीच्या पैकी मिळालेल्याला त्या चार महिन्यांनी व्हरांड्यात गाठून तोच प्रश्न विचारायच्या. उत्तर आलं नाही तर मुलाला कधी रागवल्या नाहीत. तो धडा वर्गात पुन्हा घ्यायच्या.

महोत्सव समितीला एक सूचना. स्मरणिकेत लिहिणाऱ्यांची यादी पाहिली. डॉक्टर, अभियंते, अधिकारी. दहावीला नापास होऊन किंवा त्याआधीच शाळा सोडून गेलेल्यांची नावं कार्यालयातल्या जनरल रजिस्टरात असतील. पत्ते बदलले असतील, पण गावात विचारलं तर सापडतील. समारंभाची तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल. पाकिटांवर पत्ते लिहायला मी येतो.