अंदमानला सेवेला निघालेल्या मंडळीसाठी: आधी ओटा, मग तिकीट

अंदमानात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जालना-बीडकडे सातशेच्या आसपास पडला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणतात. तरीही फेब्रुवारी ते एप्रिल तिथल्या वसतिगृहांत आणि शाळांत पाण्याची ओढाताण असते. उतार तीव्र, ओढे आखूड, पडलेलं पाणी थांबायला जागा नाही. श्रीविजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, पाणी पुरवणारं धनीखारी धरण उन्हाळ्यात खाली गेलं की शहरातही पाणी मोजूनच सुटतं.

त्यामुळे मराठवाड्यातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, आठ-दहा दिवस तिथे जाऊन करावं असं काम कोणतं, तर पत्र्यावरचं पाणी टाकीत उतरवणं. टाकी, पाइप, पन्हळ, कॉक यांत आपल्याकडचा प्लंबर आणि गवंडी मुरलेला असतो. प्रत्येक मंडळीत असे दोघं-तिघं बाकावर बसलेले असतातच. पंचांच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांच्या, यादीत मात्र त्यांची नावं शेवटी येतात आणि गिटारवाल्यांची आधी. यादी उलटी करा. बारा माणसं पुरे: दोन प्लंबर, एक गवंडी, वायरिंग जाणणारा एक, हिशेबाला एक, मुलांसोबत बसणाऱ्या दोन शिक्षिका, बाकी हात. बहिणींना नुसतं स्वयंपाकघरात ढकलू नका. पाइप मापून कापण्यात त्या हमखास जास्त नेटक्या असतात.

जायचं कुठे? उत्तर आणि मध्य अंदमानात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरजवळच्या वेबी गावात वसवलेले कारेन लोक बहुतांशी बॅप्टिस्ट. छोटा नागपूरहून जंगलतोडीच्या मजुरीसाठी आणलेले, ज्यांना तिथे ‘रांची’च म्हणतात, त्यांच्यात कॅथलिक आणि लुथरन पुष्कळ. कॅथलिकांचा पोर्ट ब्लेअर धर्मप्रांत १९८४ चा आहे, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचाही अंदमान-निकोबार धर्मप्रांत आहे. ओळख आपल्या बिशप कार्यालयाच्या पत्राने काढावी, पण कामाची यादी तिथल्या स्थानिक पाळकांकडून आणि पंचांकडूनच मागवावी. “आम्ही येतो, काहीतरी काम काढा” असं पत्र गेलं की भिंतींना रंग देण्याचं काम निघतं. खाऱ्या दमट हवेत तो रंग फार दिवस टिकत नाही आणि गावातल्या रंगाऱ्याची मजुरी तेवढी बुडते.

कायद्याचा भाग छोटा आहे, पण त्यात सूट नाही. श्रीविजयपुरम, मध्य आणि उत्तर अंदमानच्या खुल्या भागासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रं आणि निकोबार मात्र १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमनाखाली येतात. कार निकोबारच्या मंडळीने बोलावलं तरी पास हवाच. मायाबंदरचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरावीक वेळेला गाड्यांचा ताफा सुटतो. वाटेत थांबणं, फोटो काढणं, काही खायला देणं हे सगळं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. १९९९ मध्ये जारवांत गोवराची साथ पसरली होती. आपला साधा सर्दी-खोकलाही त्यांना महाग पडू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर सेंटिनेल या बंदी असलेल्या आदिवासी बेटावर सुवार्तेसाठी चोरून उतरलेला अमेरिकन तरुण मारला गेला. गटात कुणी त्याला आदर्श मानत असेल, तर त्याला जालन्यातच राहू द्यावं. परदेशी पाहुण्याला सोबत घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, टुरिस्ट व्हिसावर मिशनचं काम चालत नाही.

आता गणित. वसतिगृहात ३० मुलं आहेत असं धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ५ लिटर, म्हणजे दिवसाला १५० लिटर. कोरडे ९० दिवस धरले तर १३,५०० लिटर. म्हणजे ५००० लिटरच्या तीन टाक्या. आंघोळ, धुणं यात धरलेलं नाही; ते धरायला गेलात तर काम आठ दिवसांत होणार नाही. पत्रा किती लागेल? १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर. उडालेलं, सांडलेलं वजा जाता साडेआठशे हातात येतं. पावसाळ्याच्या दोन-तीन आठवड्यांतच टाक्या भरून वाहू लागतील. अडचण भरण्याची नसते, फेब्रुवारीपर्यंत ते पाणी राखण्याची असते. म्हणून टाक्या तीन वेगळ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळा कॉक, आणि त्यातल्या दोन टाक्या नाताळापर्यंत बंद. तिन्ही एका पाइपने जोडल्या तर एक कॉक गळला की तिन्ही रिकाम्या.

सगळ्यात जास्त ट्रिपा फसतात त्या टाकीखालच्या ओट्यापाशी. भरलेल्या ५००० लिटरच्या टाकीचं वजन पाच टन. तिला २.४ मीटर बाय २.४ मीटर, १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब लागतो: १:१.५:३ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, एका ओट्याला साधारण सात पोती सिमेंट, ८ मिलिमीटरची सळई दर १५ सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी, म्हणजे तीसेक किलो. खाली दगडी जोतं घालून ओटा ४५ सेंटिमीटर उंच घ्या. जमिनीलगत ठेवलात तर कॉकखाली बादली बसत नाही, मग कुणीतरी खड्डा खणतं, खड्ड्यात पाणी साचतं आणि डासांची सोय होते. असल्या ओट्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि चौदा दिवस त्यावर भरलेली टाकी ठेवू नये. आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये हे बसतच नाही. पोचल्यावर ओटा घातला तर टाकी तुम्ही निघाल्यावर बसणार, घाईत बसवली तर ओटा तडकणार, टाकीच्या बुडाला एकाच ठिकाणी भार येऊन तीही फाटणार. म्हणून ओट्याचे पैसे निघण्याच्या महिनाभर आधी पाठवा, तिथल्याच गवंड्याकडून ओटा घालून घ्या, मापाची टेप लावून काढलेले फोटो मागवा, आणि मगच तिकिटं काढा.

वाळूबद्दल एक गोष्ट आधीच लिहून कळवा: समुद्राची वाळू चालणार नाही. तिच्यातल्या मिठाने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मिळते का ते विचारा. सिमेंट फळ्यांवर रचून ताडपत्रीत ठेवायचं. त्या हवेत उघड्या पोत्याचे गोळे व्हायला वेळ लागत नाही.

पन्हळ १५० मिलिमीटरची अर्धगोल पीव्हीसीची घ्या. मीटरला एक सेंटिमीटर उतार, ब्रॅकेट दर ६० सेंटिमीटरला. आपल्याकडे मीटर-सव्वा मीटरवर ब्रॅकेट मारून भागतं, तिथल्या सरीत भरलेली पन्हळ मधेच लवते आणि पाणी भिंतीवर. दर ५० चौरस मीटर पत्र्यामागे ११० मिलिमीटरचा एक उतरता पाइप. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, रबरी वायसरसह. साधे जस्त चढवलेले स्क्रू खाऱ्या हवेत लवकर खाल्ले जातात. पत्रे जुने सिमेंटचे असतील तर त्यांना ड्रिल किंवा करवत लावू नका, त्यातली अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात राहते. ब्रॅकेट भिंतीला किंवा वाशाला मारा. पत्र्यावर पाय ठेवायचा तो स्क्रूच्या ओळीवरच, कारण खाली वासा तिथेच असतो. शिडी चार मीटर उंच टेकवली तर पाया भिंतीपासून एक मीटर लांब, आणि खाली धरणारा माणूस मोबाइलशिवाय.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. धूळ, पाखरांची शीट, पालापाचोळा त्यातच असतो. पत्र्यावरचा पहिला एक मिलिमीटर बाजूला काढायचा, म्हणजे १०० चौरस मीटरला १०० लिटर. इथे बरेच प्लंबर मीटरभर ११० चा पाइप उभा लावून त्याला फिल्टर म्हणतात. त्यात जेमतेम साडेआठ लिटर मावतं. त्यापेक्षा २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप लावा. त्याच्या बुडाला फिरकीचं झाकण, झाकणाला ३ मिलिमीटरचं भोक, म्हणजे पाऊस थांबला की पिंप आपोआप रिकामं होतं. भोक बुजलं तर पिंप भरलेलंच राहतं आणि पुढच्या सरीची घाण सरळ टाकीत जाते. हे झाकण महिन्यातून एकदा काढून कोण धुणार, त्याचं नाव ठरल्याशिवाय पिंप बसवू नका. टाकीच्या तोंडाला आणि ओव्हरफ्लोला स्टीलची बारीक जाळी, ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतकाच जाड, आणि त्याचं पाणी ओट्यापासून दूर. नाहीतर एका पावसाळ्यात जोत्याखालची माती वाहून जाते.

पाइपांच्या मापाचा घोळ इथून निघतानाच मिटवा. आपल्या शेतीच्या दुकानातला ११० चा पाइप बाहेरून ११० मिलिमीटर; प्लंबिंगचा चार इंची पाइप बाहेरून ११४. दोन्हींचे बेंड एकमेकांत बसत नाहीत, आणि मायाबंदरला रविवारी दुकान शोधत फिरावं लागतं. पाइप, टाकी, बेंड सगळं तिथेच विकत घ्या, एकाच मापाचं. मोठी टाकी स्थानिक बाजारात नसेल तर श्रीविजयपुरमहून ट्रकने यायला किती दिवस लागतील हे आधी विचारा. इथून न्यायचं ते हत्यार, स्टीलचे स्क्रू, जाळी, कॉक आणि टेफ्लॉन टेप. चिकटवायचं सोल्युशन, थिनर, रंग विमानात चालत नाहीत. ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, करवत आणि पाने चेक-इनमध्ये. ते सामान माणशी बहुतेकदा १५ किलो, म्हणून हत्यारं बारा जणांत वाटून टाका. सोल्युशन लावताना पाइप कोरडा लागतो. तिथे तो कोरडा नसतोच, म्हणून सुती फडकी भरपूर न्या.

प्रवास: देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबाद, तिथून रात्रीच्या गाडीने चेन्नई. चारमिनार एक्सप्रेस तांबरमला सोडते. तिथून लोकलने त्रिसूलम, विमानतळ स्टेशनासमोरच. पुढे विमान सव्वादोन तासांचं. चेन्नईहून जहाजही आहे, अडीच-तीन दिवसांचं, पण तारखा उशिरा जाहीर होतात आणि ज्याने समुद्र पाहिलेला नाही तो उतरल्यावर दोन दिवस कामाचा राहत नाही. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. एकूण खर्चाबद्दल माझं मत रोखठोक आहे: प्रवासावर रुपया जात असेल तर साहित्यावर किमान आठ आणे गेले पाहिजेत. नाहीतर ती सहल आहे. सहल म्हणूनच जा आणि वर्गणी मागू नका.

हंगाम नाताळानंतरचा, जानेवारी-फेब्रुवारी. मे महिन्याची सुट्टी सगळ्यांना सोयीची वाटते, पण मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मेच्या उत्तरार्धात अंदमानला टेकतो. टाक्या त्याआधी तयार हव्यात. दिवस आपल्याहून लवकर चालतो: जानेवारीत सूर्य पावणेसहाला उगवतो आणि सव्वापाचला मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. सहाला कामाला लागा, दहाला थांबा, अडीच ते साडेचार पुन्हा. बेचाळीस अंशांत राबणाऱ्यालाही तिथला तीस अंशांचा दमटपणा लोळवतो, कारण घाम वाळतच नाही. मीठ-साखरेचं पाणी तहान लागण्याआधी प्या.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने उतरू नका. उंदीर-जनावरांच्या मुतामुळे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप तिथे जुना आहे. गमबूट न्या. खाडीत पोहणं नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. शिंपले-प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, विमानतळावर पकडलं जातं. जेवण भात-मासळीचं, ज्वारीचं पीठ नेण्याचा हट्ट नको, शेंगदाण्याची चटणी मात्र टिकते आणि तिथल्यांनाही आवडते.

उपासनेत मराठी भजन एखादंच घ्या, बाकी हिंदी; सगळी बेटं हिंदीत बोलतात. मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं, एकट्याने कुणीही नाही, आणि त्यांचे फोटो वसतिगृहाच्या परवानगीशिवाय फेसबुकवर नाहीत.

शेवटचा पूर्ण दिवस कामाला ठेवू नका, सोपवण्याला ठेवा. पाऊस नसतो, म्हणून पन्हळीच्या वरच्या टोकाला बादल्या ओतून प्रत्येक जोड तपासा. वसतिगृहाच्या दोन मोठ्या मुलांकडून पिंपाचं झाकण काढून-बसवून घ्या. ब्लीचिंग पावडरचं माप रंगाने टाकीवरच लिहा: १००० लिटरला अडीच ग्रॅम, अर्धा तास थांबून मग पाणी काढायचं. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण दमट हवेत तिचा जोर जातो. सुट्या कॉकची, जाळीची, वायसरची एक पेटी पाळकांकडे द्या आणि तिथल्याच प्लंबरला चारशे-पाचशे रुपये देऊन सगळी जोडणी एकदा फिरवून दाखवा. पंचांपुढे हिशेब परतल्यावर पहिल्या रविवारी. जूनमध्ये फोन करून पिंपाचा आणि जाळीचा फोटो मागवा, आणि १ फेब्रुवारीला तिन्ही टाक्यांची पातळी. तिसरी टाकी तोवर भरलेली असेल तरच पुढच्या वर्षीच्या गटाची यादी काढायला घ्या.