स्ट्रॉबेरीचं बी कोण लावतं?

महाबळेश्वरजवळ भिलारला मामाच्या वाफ्यांत लहानाची मोठी झाले, त्यामुळे स्ट्रॉबेरी मला कोणी शिकवावी असं काही उरलेलं नाही, हा माझा समज. स्वीडनमधल्या उप्सालाला राहायला आल्यावर पहिल्याच जुलैत तो उतरला.

घरामागच्या जंगलात पायवाटेच्या कडेला लेकीला करंगळीच्या नखाएवढी लाल फळं दिसली. इकडे त्यांना स्मुल्ट्रॉन म्हणतात. रानस्ट्रॉबेरी, शास्त्रीय नाव फ्रागारिया वेस्का. फळ देठावरून अलगद सुटतं, हिरवी टोपी झाडावरच राहते. आणि वास! चार फळं वेचली तर हाताला तासभर येत होता.

दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन निघाले, तर शेजारच्या आजींनी हटकलं. इथे जंगलात कुणीही रानफळं, अळंबी वेचावीत, पण रोप मुळासकट काढायला जमीनमालकाची परवानगी लागते. मग बीच धरायचं ठरवलं. मामाला फोन केला तर तो हसायलाच लागला. "अगं, स्ट्रॉबेरीचं बी कोण लावतं?"

त्याचंही बरोबर होतं. शेतातली स्ट्रॉबेरी म्हणजे अमेरिका खंडातल्या दोन जातींचा संकर, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झालेला. तिच्या बियांतून आईसारखं रोप येईल याचा भरवसा नाही, म्हणून सगळा कारभार रनरवर, म्हणजे झाडातून जमिनीवर सरपटत जाणाऱ्या फुटव्यांवर. स्मुल्ट्रॉनचं बी मात्र बऱ्यापैकी आईच्या वळणावर जातं.

फळं टिश्यूपेपरवर चोळून वाळवली. वरचे ठिपके म्हणजेच बिया (खरं तर तीच फळं, आपण खातो ते फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक). मार्चमध्ये खिडकीतल्या कुंडीत पेरल्या, वर बोटाच्या पेराएवढी माती, मेथी पेरतो तशी. मे संपला तरी काही नाही. नंतर कळलं, या बियांना उगवायला उजेड लागतो, आणि त्याआधी थंडी मिळाली तर बरं. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी चुकले होते.

उरलेल्या बिया नोव्हेंबरात दह्याच्या डब्यात मातीवर नुसत्या भुरभुरल्या, तळाला भोकं पाडली आणि डबा अंगणात ठेवून दिला. वर बर्फ साचला. मेमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन पानं वर आली, एकोणीस मोजली. मग एक कातरलेलं पान, आणि बऱ्याच दिवसांनी ते ओळखीचं त्रिदल. लावताना मामाचं एक वाक्य उपयोगी पडलं: "मधला कोंब मातीत गाडू नको, कुजतो." तरी घाईत दोन गाडलेच. कुजले. बिनशंखाच्या गोगलगायींनी तीन रोपं नेली.

त्या उन्हाळ्यात फळ नाही. पुढच्या जूनमध्ये पाच पाकळ्यांची पांढरी फुलं आली, आणि पाठोपाठ रनर सुटले. तांबूस, दोऱ्यासारखे. रनरच्या पहिल्या पेरावर काही फुटत नाही, दुसऱ्यावर रोप धरतं, तिथून पुन्हा दोरा. मी आखलेला वाफा त्यांना पसंत नव्हता. गादीवाफा, शेणखत सगळं सोडून ते फरशीच्या फटीत आणि वाटेवरच्या खडीत उतरले. खत घातलेल्या रोपांना पानं तळहाताएवढी, फळं जेमतेम दोन. खडीतल्या रोपांनी मात्र भरभरून दिली. मी खत बंद केलं आणि वाट थोडी सरकवली.

इथली मुलं स्मुल्ट्रॉन गवताच्या काडीत ओवतात, आपण बकुळीची फुलं ओवतो तसं. लेकीने अकरा फळांची काडी केली, मी फोटो मामाला पाठवला.

"एवढाच माल?" मामा म्हणाला. "आणि भाव काय मिळतो तिकडं?"