तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं मागच्या बाकावरून पुढे कशी येतील?

वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशांत) पालकांची सभा असो की सणाची तयारी, एक प्रश्न हमखास निघतो. प्रथम ख्रिस्तशरीर (फर्स्ट कम्युनियन) घेईपर्यंत मुलं चर्चमध्ये हौसेने येतात, मग हळूहळू मागच्या बाकावर सरकतात आणि दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार) झालं की दिसतच नाहीत. त्यांना धरून कसं ठेवायचं?

धरून ठेवायचा विचार सोडा. मुलाला असं काम द्या की मूल आलं नाही तर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, खरंच अडेल, आणि ते काम नीट शिकवा. सहली आणि क्रिकेटचे सामने जरूर ठेवा, पण नुसत्या सामन्यासाठी आलेलं मूल सामना संपला की जातं. मुलांच्या मिस्सेविषयी रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, 1973 मध्ये मार्गदर्शिका काढली, तिच्यात ही कामं मोजून दिली आहेत: वेदी मांडणं, गाणं, वाद्य वाजवणं, वाचन करणं, प्रवचनात फादरांच्या प्रश्नांना उत्तरं देणं, विश्वासूंच्या प्रार्थना (सर्वांच्या वतीने केलेल्या विनंत्या) म्हणणं, अर्पणं वेदीपर्यंत नेणं. पुष्कळ ठिकाणी आपण यातलं शेवटचं तेवढं करतो, तेही बालदिनाच्या आसपास.

सर्वांत जास्त चुकतं ते वाचनात. आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतात, मराठी कानाला ओळखीची असते, पण देवनागरी अडखळत वाचतात. मग कुणीतरी प्रेमापोटी उतारा रोमन लिपीत लिहून देतं. तिथेच घोटाळा होतो. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला द्राक्षमळा घ्या. रोमन अक्षरांत ‘मळा’, ‘मला’, ‘माळा’ आणि ‘माला’ सगळे सारखेच दिसतात. त्याच रविवारचं स्तोत्र द्राक्षवेलीचं. तिथे ‘वेल’ की ‘वेळ’ हे मुलाने ओळखायचं कशावरून? देवनागरीच द्या, मोठ्या टायपात, दोन ओळींत मोकळी जागा सोडून. जिथे थांबायचं तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. विशेषनामं आठवड्याच्या सुरुवातीलाच तोंडी म्हणून घ्या, शनिवारी ऐन वेळी नको.

आणखी एक. दुसरं वाचन आखूड असतं म्हणून ते मुलाला देतात. पण ते बहुधा संत पौलाच्या पत्रातलं असतं आणि त्याचं एकेक वाक्य पाच-सहा ओळी चालतं. मुलाचा श्वास मध्येच संपतो आणि अर्थही हरवतो. त्यापेक्षा जुन्या करारातली गोष्ट असलेलं पहिलं वाचन लांब असलं तरी सोपं जातं, कारण पुढे काय होणार हे मुलाला माहीत असतं. अगदी नवख्याला विश्वासूंच्या प्रार्थनेतली एकच विनंती द्या. सराव रिकाम्या देवळात, पण माइक चालू ठेवून करा. तोंड माइकपासून साधारण एक वीत. स्वतःचा आवाज घुमून परत येतो तेव्हा मूल दचकून वेग वाढवतं. तो दचका शनिवारीच निघून जायला हवा.

वेदीसेवेला, म्हणजे मिस्सेत वेदीपाशी फादरांना मदत करण्याला, साधारण प्रथम ख्रिस्तशरीरानंतर सुरुवात होते. मुलींनाही सेवा करता येते, हे रोमने 1994 मध्ये स्पष्ट केलं. परवानगी देणं त्या त्या बिशपांकडे असतं. झगा घोट्यापर्यंतच हवा. वाढत्या अंगाचा म्हणून लांब शिवला की गुडघे टेकून उठताना त्यावरच पाय पडतो. कुप्या (द्राक्षरसाचं आणि पाण्याचं छोटं भांडं) देताना मूठ फादरांकडे, आधी द्राक्षरस, मग पाणी. घंटा ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ संपायच्या आत हाताशी घ्यायची, कारण फादर अर्पणांवर हात पसरतात तो घंटा वाजवायचा क्षण फार लवकर येतो.

धूपदान मोठ्या मुलाकडेच द्या. कोळशाची वडी चिमट्यात धरून बाहेर मोकळ्या हवेत पेटवायची आणि कडा राखाडी होईपर्यंत थांबायचं. दहा मिनिटं हाताशी ठेवा. पावसाळ्यात वडी दमट होते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धूप एक छोटा चमचा पुरे. जास्त टाकला की निखारा गुदमरतो आणि नेमका शुभवर्तमानाच्या वाचनाच्या वेळी धूरच येत नाही. एका हाताने साखळ्यांचं वरचं टोक छातीशी धरायचं, दुसऱ्याने झाकणाच्या जरा वर.

मे महिन्यात एखादं मूल वेदीपाशी चक्कर येऊन पडतं. बहुधा ते उपाशीपोटी आलेलं असतं. ख्रिस्तशरीरापूर्वीचा उपास एका तासाचाच आहे आणि पाणी चालतं. घरून दूध-पोळी खाऊन पाठवा.

सॅक्रिस्टीचं (मिस्सेची तयारी करायच्या खोलीचं) दार उघडं, दोन मोठी माणसं हजर, आणि मुलांच्या निरोपांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालक. यात कुणाच्या मोठेपणाकडे बघून सूट द्यायची नाही. 2012 च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याप्रमाणे अशा अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते आपापसांत मिटवायचं प्रकरण नव्हे.

दृढीकरण झालेल्यांना लहान मुलांच्या रांगेत उभं करू नका. त्यांना सेवकांची पाळीपत्रकं लावू द्या, नव्या वाचकांचा सराव घेऊ द्या, गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवणं आणि साउंड सांभाळू द्या. नाताळच्या गोठ्याचे पैसे आणि हिशेब त्यांच्याच हातात द्या; चुकलं तर पुढच्या वर्षी तेच सुधारतील. धर्मग्राम परिषदेत दोन तरुण असतील तर त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. दहावी-बारावीच्या वर्षी मात्र पाळी महिन्यातून एकदाच लावा. नाव काढून टाकू नका. परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या रविवारी पत्रकात त्याचं नाव असू द्या आणि शनिवारी फोन करा, तोही त्याच्याच वयाच्या मुलाकडून.