दुलाच्या फोल्डरचं पहिलं पान: मी काय करत नाही

माझं दुलाचं (दुला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबत राहून तिला आधार देणारी) ट्रेनिंग झालं, आता क्लायंटच्या हातात द्यायचे माहितीचे कागद तयार करतेय. नेटवर तयार टेम्प्लेट ढिगाने मिळतात पण बहुतेक अमेरिकेतले, त्यात घरी टबमधली डिलिव्हरी नि इन्शुरन्सचे फॉर्म, आणि आपल्याकडे मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, डॉक्टर बदलतात, लेबर रूमबाहेर आई, सासू, नवरा सगळे बसलेले. म्हणून मी सगळं मराठीत आणि नव्याने लिहितेय, घरच्या सगळ्यांना वाचता येईल असं.

पहिलं पान मी काय करत नाही याचं. आतून तपासणं, बाळाचे ठोके बघणं, औषध देणं, सिझर करायचं की नाही ते ठरवणं, यातलं काहीच माझं काम नाही. लोक दुलाला सुईण समजतात, त्यामुळे हे आधीच स्पष्ट झालेलं बरं. मी कळा येताना कंबर दाबून देते, कुशीवर वळायला, चालायला मदत करते, डॉक्टर काय म्हणाले ते कळलं नसेल तर परत विचारायची आठवण करते.

मग प्रश्न आत कोण येणार? केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला राहू द्यायला मान्यता दिली, प्रायव्हेटमध्ये ज्याचा त्याचा नियम, तो नाव नोंदवतानाच विचारून घ्यायचा. एकालाच परवानगी असेल आणि तिला आईच हवी असेल तर मी बाहेर थांबणार, पण त्याआधी आईला घरी नीट शिकवणार, माकडहाडाच्या थोडं वर तळहात टेकवून कळ ओसरेपर्यंत कसं दाबून धरायचं ते.

सिझरला पूर्ण पान दिलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात साधारण चारातली एक डिलिव्हरी सिझरची होती, ते कोपऱ्यात दोन ओळीत कसं उरकायचं? तिथेही आई-बाळ ठीक असतील तर पहिल्या तासात अंगावर पाजता येतं, हे मी ठळक अक्षरात टाकलंय.

शेवटचा कागद फ्रिजवर लावायचा: रक्त जाणं, हिरवट पाणी, बाळाची हालचाल कमी, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटके. यातलं काहीही झालं तर आधी दवाखाना किंवा 108, मला फोन नंतर.

फीचं पान अजून बाकी आहे, कुणी या कामात असाल तर रात्री-अपरात्रीच्या कॉलचं तुम्ही कसं लिहिता ते सांगा ना.