कोकरू आणि सात स्वर

डिसेंबरात आमच्या घरी इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनरचं ‘द लॅम्ब’ एकदा तरी लागतंच. तीन-साडेतीन मिनिटांचं समूहगान, साथीला एकही वाद्य नाही.

शब्द इंग्रज कवी विल्यम ब्लेकचे, १७८९ सालच्या संग्रहातले. एक मूल कोकराला विचारतं, तुला कोणी घडवलं, ठाऊक आहे का? दुसऱ्या कडव्यात उत्तरही तेच देऊन टाकतं. मुलांना कुठला दम निघायला! गंमत म्हणजे कवितेत ना गोठा, ना तारा, ना नाताळचं नाव. ख्रिस्ताबद्दल ‘तो लहान मूल झाला’ अशा अर्थाचा एक उल्लेख आहे, तेवढ्यावर ती नाताळची झाली.

टॅव्हनरने ही चाल घरातल्या एका तीन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसासाठी केली, १९८२ साली. त्याच डिसेंबरात ती इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आणि मग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या उपासनेत गायली गेली. ती उपासना रेडिओवरून जगभर जाते, त्यामुळे वाढदिवसाची भेट एकट्या पोराची राहिली नाही.

आता चालीकडे. पेटीची पांढरी पाच षड्ज, म्हणजे सा, धरा. पहिली ओळ फक्त वरच्या आवाजांची: सा ग रे, मंद्रातला (खालच्या सप्तकातला) नि, सा. सगळे शुद्ध, कुठलंही पोर गुणगुणेल असे. दुसऱ्या ओळीत हीच चाल चालू असताना खालचे आवाज तिची उलटी प्रतिमा गातात. ती चढते तेवढे हे उतरतात: सा, मंद्रातले कोमल ध आणि कोमल नि, मग कोमल रे, सा. म्हणजे वरचे शुद्ध निषादावर (नि) असतात तेव्हा खालचे कोमल ऋषभावर (रे), एकाच क्षणी! आपल्याकडे गुरुजींनी तंबोरा खाली ठेवला असता. पुढे सात स्वरांची एक ओळ येते, दोन्ही निषाद घेऊन, आणि लगेच तीच शेवटाकडून सुरुवातीकडे.

कागदावर हे निव्वळ गणित. पण ऐकताना गणित सुचतही नाही, काहीतरी बारीक खुपतंय एवढंच कळतं. मला वाटतं, वरचा आवाज मुलाचा आहे आणि खालचा जाणत्याचा. ख्रिस्ती कथेत कोकरू म्हणजे ख्रिस्त, आणि ते शेवटी बळी जाणार असतं. विचारणाऱ्या पोराला त्याचा पत्ता नाही, ऐकणाऱ्याला आहे. मग समूहाचे उंचापासून खर्जापर्यंतचे चारही आवाज साध्या, जुन्या वळणाच्या स्वरसंगतीत एकत्र येतात आणि कान सैलावतो. ही सुटका आधीच्या खुपण्यामुळेच गोड लागते. नुसती गोड कॅरोल्स, म्हणजे नाताळची गाणी, मला तिसऱ्या मिनिटाला नकोशी होतात.

वाटलं तर घरच्या पेटीवर करून पाहा. डावा हात भात्यात अडकलेला, तेव्हा खालची ओळ वाजवायला कुणाला तरी शेजारी बसवावं लागेल. पायपेटीवाल्यांची चैन आहे.